कैसरने एकदाच ऐकलं, आणि नेमका त्याच दिवशी तो चुकला

पहिलं महायुद्ध कसं सुरू झालं यावर वाचायला लागलं की नावांचा नुसता पूर येतो. बेथमान होल्वेग, यागो, बेर्खटोल्ड, साझोनोव्ह, ग्रे, पोआंकारे... निम्मे मिश्यावाले सारखेच दिसतात आणि कोण कोणाच्या बाजूचा हे विसरायला होतं. या गर्दीत एक माणूस मात्र माझ्या डोक्यात पक्का बसलाय, प्रिन्स कार्ल माक्स लिख्नोव्स्की, १९१२ ते १९१४ जर्मनीचा लंडनमधला राजदूत. त्याच्याबद्दल दोन टोकाची मतं वाचायला मिळतात. एक म्हणजे बिचारा शांततेसाठी झटणारा सज्जन, ज्याचं कोणी ऐकलं नाही. दुसरं म्हणजे इंग्रजांच्या जेवणावळींनी भुललेला भोळा श्रीमंत. मला दोन्ही अर्धवट वाटतात. म्हणून हा लांबलचक पोस्ट, चहा घेऊन बसा.

आधी घराणं, कारण ते भारी आहे. संगीतवाल्या मंडळींनी लिख्नोव्स्की हे नाव ऐकलेलं असणार. बेथोव्हेनचा तो प्रसिद्ध 'पाथेटिक' सोनाटा ज्याला अर्पण केलाय तो प्रिन्स कार्ल लिख्नोव्स्की याच घराण्यातला. त्याने बेथोव्हेनला सांभाळलं, पैसे दिले, आणि १८०६ मध्ये आपल्या ग्रेट्झच्या गढीत फ्रेंच अधिकाऱ्यांसमोर वाजव म्हणून आग्रह धरला तर बेथोव्हेन तडक निघूनच गेला. त्याच प्रिन्सने मोझार्टला आधी आपल्याबरोबर बर्लिनच्या प्रवासाला नेलं आणि पुढे पैशांसाठी त्याच्यावर कोर्टात दावाही लावला! आपल्या माणसाचा काका फेलिक्स हा राजकारणी, १८४८ च्या दंगलीत फ्रँकफर्टमध्ये जमावाने त्याला ठार मारलं. म्हणजे घरात संगीत, जमीनजुमला आणि राजकारण तिन्ही, आणि जमीन कुठे, तर सायलेशियात, प्रशिया (जर्मनीतलं सगळ्यात मोठं राज्य) आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, थोडी इकडे थोडी तिकडे. आज त्यातली काही पोलंडमध्ये येते, काही चेक देशात.

कार्ल माक्सचा जन्म ८ मार्च १८६०, क्रॉयझेनॉर्ट नावाच्या गावात. थोडे दिवस लष्करात, मग परराष्ट्र खात्यात. १८८५ मध्ये अगदी ज्युनियर म्हणून लंडनलाच होता, पुढे बुखारेस्ट, व्हिएन्ना, मग बर्लिनच्या फॉरेन ऑफिसात बदल्या-नेमणुकांचा विभाग. ज्याच्या हातात बदल्या त्याचे शत्रू किती असतात हे कुठल्याही सरकारी नोकरीवाल्याला विचारा. १९०४ मध्ये तो बाहेर पडला आणि गावी जाऊन बसला. तब्बल आठ वर्षं. शेती बघायची, प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहात जायचं, अधूनमधून पेपरात लेख लिहायचे. त्याच वर्षी लग्न केलं मेख्टिल्ड फॉन आर्को-झिनेबर्गशी, ती सम्राज्ञी मारिया थेरेसाची वंशज, पण स्वतः लेखिका आणि मॉडर्न आर्टची शौकीन, पिकासोची चित्रं तिने फार लवकर, म्हणजे बाकीचे नाकं मुरडत होते तेव्हा घेतली. खरं तर नवऱ्यापेक्षा बायकोवर पोस्ट लिहिला तर जास्त रंगेल, पण असो.

१९१२ च्या सप्टेंबरमध्ये लंडनमधला जर्मन राजदूत मार्शल फॉन बीबरश्टाइन अचानक वारला. नेमणूक होऊन काही महिनेच झालेले. आता कोणाला पाठवायचं यावर बर्लिनमध्ये नेहमीप्रमाणे खेचाखेच, आणि कैसरने, म्हणजे जर्मन सम्राट विल्हेल्मने, बोट ठेवलं लिख्नोव्स्कीवर, ज्याने त्याच वर्षी जर्मनी आणि इंग्लंडमधल्या गैरसमजांवर लेख लिहिला होता. फॉरेन ऑफिसातल्या लोकांना हे अजिबात आवडलं नाही. आठ वर्षं घरी बसलेला माणूस थेट सगळ्यात मोठ्या पोस्टवर! त्यांच्या मते हा हौशी. खरं काम करणारा म्हणजे दूतावासातला दोन नंबरचा, रिखार्ड फॉन क्यूलमान. हा राग पुढे शेवटपर्यंत राहिला आणि लिख्नोव्स्कीच्या मनातही राहिला, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नोव्हेंबर १९१२ मध्ये साहेब लंडनला पोचले, कार्लटन हाउस टेरेसवरच्या दूतावासात. (तीच जागा जिथे आता टुरिस्ट लोक एका कुत्र्याची कबर बघायला जातात, पण तो कुत्रा १९३० च्या दशकातल्या दुसऱ्या जर्मन राजदूताचा, याचा नाही.) महिनाही झाला नसेल आणि ३ डिसेंबरला ब्रिटिश मंत्री हाल्डेन त्याला भेटून सरळ सांगतो की ऑस्ट्रियाने सर्बियावर हल्ला केला, त्यातून युरोपभर युद्ध पेटलं आणि जर्मनी फ्रान्सवर चालून गेला तर इंग्लंड फ्रान्सला चिरडू देणार नाही. लिख्नोव्स्कीने हे जसंच्या तसं बर्लिनला कळवलं. कैसर असा भडकला की ८ डिसेंबरला, रविवारी, त्याने लष्कर आणि आरमाराच्या प्रमुखांची बैठक बोलावली. त्यात सेनाप्रमुख मोल्टके म्हणाला युद्ध व्हायचंच तर जितक्या लवकर तितकं बरं, आणि आरमाराचा तिरपिट्झ म्हणाला अजून दीड वर्ष थांबू या. चॅन्सलर बेथमान होल्वेगला तर बोलावलंही नव्हतं! आता बघा, राजदूताचा पहिलाच महत्त्वाचा रिपोर्ट, शंभर टक्के खरा, आणि त्याचं फळ काय, तर मालकाने जनरल लोकांची मीटिंग घेतली. सावध राहा म्हणून सांगितलं ते आव्हान म्हणून ऐकलं गेलं.

पुढची दीड वर्षं मात्र त्याची खरंच चांगली गेली. बाल्कन युद्धं चालू होती आणि लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रेच्या अध्यक्षतेखाली सहा मोठ्या सत्तांची बैठक बसत होती, ग्रे स्वतः इंग्लंडकडून आणि बाकी पाच देशांचे राजदूत. अल्बेनिया नावाचा देश त्यातूनच जन्माला आला. लिख्नोव्स्कीची तक्रार अशी की तिथे आपण स्वतःचं धोरण असं कधी मांडलंच नाही, ऑस्ट्रिया आणि इटली म्हणतील ती पूर्व दिशा. सीमेवर जमीन असलेला, ऑस्ट्रियाच्या दरबाराला आतून ओळखणारा माणूस हे म्हणत होता म्हणून त्याला वजन आहे. त्याचं मत होतं की ऑस्ट्रियाच्या शेपटीला बांधून घेऊन जर्मनी रशियाशी उगाच वैर ओढवून घेतेय.

दुसरीकडे इंग्लंडशी दोन करार ठरत होते. एक पोर्तुगीज वसाहतींचा. आपल्याला पोर्तुगीज म्हटलं की गोवा आठवतो, पण हा मामला आफ्रिकेतला, अंगोला आणि मोझांबिकचा. पोर्तुगाल कर्जात बुडाला तर कोणत्या भागावर कोणाचा प्रभाव हे दोन बड्यांनी आपसात ठरवायचं, पोर्तुगालला न विचारता, आणि तिथे राहणाऱ्या आफ्रिकन लोकांना विचारायचा तर प्रश्नच नाही. लिख्नोव्स्कीला हा करार म्हणजे आपलं मोठं यश वाटायचं. इथे मला त्याचा 'शांतिदूत' वाला फोटो थोडा तिरका करून बघावासा वाटतो. तो साम्राज्यवादीच होता हो, फक्त त्याला युरोपात मारामारी नको होती. आणि गंमत म्हणजे हा करारही लटकला, कारण ग्रे म्हणाला सही करायची तर आधीच्या करारांसकट जाहीर करू, आणि बर्लिनला ते नको होतं. शेवटी बर्लिनने सही करायला परवानगी दिली तेव्हा जुलै १९१४ संपत आला होता.

दुसरा करार बगदाद रेल्वेचा, त्यावर १५ जून १९१४ ला दोन्ही बाजूंच्या आद्याक्षरी सह्या झाल्या. जर्मन रेल्वे बसऱ्यापर्यंत येईल, त्यापुढे आखातापर्यंत इंग्रजांच्या संमतीशिवाय जाणार नाही. सगळं गोडीगुलाबीत. पाच महिन्यांत, नोव्हेंबर १९१४ मध्ये, त्याच बसऱ्यात भारतातून गेलेली सहावी पूना डिव्हिजन शिरली, त्यात आपले मराठा पलटणींचे लोक होते, आणि एप्रिल १९१६ मध्ये इराकातल्या कुतला तुर्कांच्या वेढ्यात उपाशी पडून त्याच डिव्हिजनला शरण जावं लागलं. लंडनमध्ये नकाशावर पेन्सिलीने आखलेल्या त्या रेघेच्या टोकाला सातारा-रत्नागिरीकडची पोरं जाऊन पडली, हे मला तो करार वाचताना सारखं डोक्यात येतं.

जून १९१४ मध्ये ऑक्सफर्डने लिख्नोव्स्कीला मानद डॉक्टरेट दिली. २८ जूनला साराजेवो झालं, म्हणजे तिथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला.

आता जुलै. हा भाग मी दोन-तीन वेळा लिहून खोडला कारण तारखा इतक्या एकावर एक आहेत की यादी होते नुसती. तर थोडक्यात असं, की जुलैच्या सुरुवातीला तो बर्लिनला जाऊन आला, तिथली हवा त्याला खटकली, आणि लंडनला परतल्यापासून तो एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहीत राहिला: ऑस्ट्रिया-सर्बियाचं भांडण तिथल्या तिथे राहील हे स्वप्न सोडा, रशिया येणार, मग फ्रान्स, आणि मग इंग्लंड बाजूला बसणार नाही. परराष्ट्रमंत्री यागोने १८ जुलैला त्याला खाजगी पत्र लिहून समजावलं की बाबा रे, अजून काही वर्षांत रशिया इतका तयार होईल की आपल्याला संख्येनेच चिरडेल, मला मुद्दाम युद्ध नकोय पण लढाई समोर आलीच तर पळून चालणार नाही. वाचताना अंगावर काटा येतो, कारण यागो काही राक्षस वाटत नाही, ऑफिसातला थकलेला साहेब वाटतो.

ग्रेने मध्यस्थीचा प्रस्ताव मांडला, चार देशांनी लंडनमध्ये बसून मिटवू. लिख्नोव्स्कीने जीव तोडून शिफारस केली. बर्लिनने परिषदेला नाही म्हटलं, आणि २७ जुलैला ग्रेची विनंती व्हिएन्नाला पुढे पाठवली खरी पण पोस्टमनसारखी, आणि ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या कानात सांगितलं की याला आमचा पाठिंबा आहे असं समजू नका. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. २९ तारखेला ग्रेने लिख्नोव्स्कीला बोलावून स्वच्छ सांगितलं की फ्रान्स यात ओढला गेला तर आम्ही फार काळ बाहेर उभे राहू शकणार नाही. तो टेलिग्राम बर्लिनला पोचला तेव्हा बेथमान खरंच हादरला, त्याच रात्री त्याने तो व्हिएन्नाला पाठवून मध्यस्थी माना म्हणून विनवण्या सुरू केल्या, पण दोन दिवस आधी केलं असतं तर काही अर्थ होता. कैसरने मात्र त्या टेलिग्रामच्या कडेला शिव्या लिहिल्या, या दुकानदारांच्या टोळीने जेवणावळी आणि भाषणांनी आपल्याला फसवलं वगैरे. म्हणजे बघा, दीड वर्ष जो माणूस 'इंग्लंड येणार' सांगतोय त्यालाच इंग्रजांनी गुंडाळला म्हणून हसायचं, आणि इंग्लंड आलं की इंग्रजांनी फसवलं म्हणायचं. महाभारतात निदान धृतराष्ट्र विदुराचं ऐकून तरी घ्यायचा, रात्रभर जागून, मग सोडून द्यायचा. इथे तेही नाही.

आणि मग १ ऑगस्ट १९१४.

सकाळी ग्रेकडून आधी त्याचा सेक्रेटरी टायरेल याच्यामार्फत निरोप आणि मग खुद्द ग्रेचा फोन, की जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला नाही तर इंग्लंड तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही शांत ठेवेल, असं काहीतरी. नेमकं काय म्हणायचं होतं यावर इतिहासकार अजून भांडतायत. लिख्नोव्स्की इतके दिवस अशा एका धाग्याची वाट बघत होता, त्याने सव्वा अकराच्या सुमारास टेलिग्राम ठोकला. बर्लिनमध्ये तो उलगडून राजवाड्यात पोचेपर्यंत पाच वाजून गेलेले, आणि कैसरने नुकतीच सैन्य जमवायच्या हुकुमावर सही केलेली. कैसर खूश! शॅम्पेन मागवली. मोल्टकेला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं आणि म्हणाला आता काय, सगळं सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टकेच्या पायाखालची जमीन सरकली, आधी फ्रान्सवर जायचं म्हणून वर्षानुवर्षं बसवलेलं रेल्वेचं टाइमटेबल एका संध्याकाळी उलटं कसं फिरवणार, मग सीमेवर सैन्य नाही तर हत्यारं घेतलेल्या उपाशी लोकांचा घोळका जमेल. कैसर म्हणाला, तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं. (काका म्हणजे थोरला मोल्टके, १८७० मध्ये फ्रान्सला हरवणारा.) सीमेजवळच्या ट्रीरच्या डिव्हिजनला लक्झेंबर्गमध्ये शिरू नका म्हणून हुकूम सुटला, पण एक छोटी तुकडी आधीच तिथल्या एका रेल्वे स्टेशनात घुसली होती, तिला चूक झाली सांगून मागे घेतलं.

रात्री राजा पाचव्या जॉर्जचं उत्तर आलं, काहीतरी गैरसमज झालेला दिसतोय म्हणून. अकराच्या सुमारास कैसरने मोल्टकेला परत बोलावलं, स्वतः झोपायच्या कपड्यांवर काहीतरी अंगावर टाकून उभा, तार त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, आता तुम्हाला हवं ते करा.

मला या माणसाबद्दल जे म्हणायचंय ते इथेच आहे. लिख्नोव्स्कीने १९१२ पासून जे जे लिहिलं ते जवळजवळ सगळं खरं निघालं आणि त्यातलं काहीही कैसरला पटलं नाही. एकच टेलिग्राम चुकीचा गेला, आणि त्याच्यावर मात्र कैसरने पाच-सहा तास डोळे मिटून विश्वास ठेवला, कारण त्यात त्याला हवं ते लिहिलेलं होतं. राजदूत हुशार की भोळा हा वादच मला फोल वाटतो. वाचणाऱ्याने आधीच ठरवलेलं असेल तर लिहिणाऱ्याच्या हुशारीला विचारतो कोण. हां, १ तारखेची चूक त्याचीच, हे मी लपवत नाही. इतक्या मोठ्या गोष्टीवर ग्रेला समोरासमोर भेटून खात्री करायला हवी होती, ती त्याने दुपारी केली आणि तोवर तार गेलेली होती. पण त्या दिवशी झोप न झालेला, थकलेला माणूस होता तो. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान अस्क्विथकडे जाऊन फ्रान्सची बाजू घेऊ नका म्हणून विनवण्या करताना तो रडला.

४ ऑगस्टच्या रात्रीचा किस्सा तर सिनेमात टाकला तर लोक म्हणतील अतिशयोक्ती केली. बेल्जियममधून बाजूला व्हा म्हणून इंग्लंडने जर्मनीला दिलेली मुदत रात्री अकराला संपणार. त्याआधीच ब्रिटिश फॉरेन ऑफिसने चुकीच्या बातमीवरून लिख्नोव्स्कीकडे पत्र पाठवलं, की जर्मनीने आमच्यावर युद्ध पुकारल्यामुळे वगैरे वगैरे. आणि मग कळलं की जर्मनीने तसं काही पुकारलेलंच नाही! आता? सगळ्यात ज्युनियर माणसाला पिटाळलं, हॅरल्ड निकोलसन, वय २७, जा आणि ते पत्र बदलून आण. तो अकरा वाजून पाच मिनिटांनी दूतावासात पोचला, नोकर म्हणतो साहेब झोपलेत, याने हट्ट धरला, वर गेला तर लिख्नोव्स्की पायजम्यात पलंगावर पडलेला. खोलीतल्या टेबलावर ते पाकीट अर्धवट उघडून तसंच पडलेलं, आत काय असणार हे माहीत असल्यामुळे त्याने वाचलंही नव्हतं. निकोलसनने बरोबर पत्र दिलं, जुनं घेतलं, पोच म्हणून सही घेतली. निघताना लिख्नोव्स्की म्हणाला तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. वडील म्हणजे ब्रिटिश फॉरेन ऑफिसचे सर्वोच्च अधिकारी सर आर्थर निकोलसन. युद्ध लागल्यावर पाच मिनिटांनी!

दोन दिवसांनी त्याला हारविचच्या बंदरातून निरोप दिला, मानवंदनेसाठी सैनिकांची रांग उभी करून. त्याने स्वतः लिहिलंय की मला एखाद्या राजासारखी वागणूक मिळाली. जर्मनीत हेच त्याच्याविरुद्ध गेलं, शत्रू ज्याला सलामी देतो तो आपला कसा.

घरी तो पुन्हा गावी, कुखेल्नाला जाऊन बसला. या वेळी मात्र आत धगधगत. ऑगस्ट १९१६ मध्ये त्याने 'माझी लंडनची कामगिरी' अशा नावाचं एक टिपण लिहिलं, थोड्या प्रती, विश्वासातल्या लोकांसाठी. त्यात सरळ आरोप: आपण ऑस्ट्रियाला सर्बियावर जायला उत्तेजन दिलं, इंग्लंडची मध्यस्थी नाकारली, आणि ३१ जुलैला व्हिएन्ना आणि पीटर्सबर्गमध्ये बोलणी चालू असताना रशियाला निर्वाणीचा खलिता धाडला. त्यात फॉरेन ऑफिसातल्या जुन्या दुष्मनांचे हिशेबही चुकते केलेत, आणि खरं सांगायचं तर जागोजागी "मी किती लोकप्रिय होतो" हा सूर येतो, ग्रे माझा मित्र, राजा माझ्याशी असा बोलला. ते वाचताना जरा नको होतं. पण मुद्दे खोटे नाहीत.

मग ते लीक झालं. हान्स-गेओर्ग फॉन बेर्फेल्ड नावाच्या कॅप्टनच्या हाती एक प्रत आली, हा युद्धाला विटलेला अधिकारी, त्याने प्रती काढून वाटल्या, आणि मार्च १९१८ मध्ये स्वीडनच्या एका समाजवादी पेपरात छापून आलं. टायमिंग बघा, त्याच महिन्यात जर्मनीचं पश्चिमेकडचं शेवटचं मोठं आक्रमण सुरू होतंय आणि खुद्द त्यांचाच राजदूत म्हणतोय की दोष आपला. मित्रराष्ट्रांना आयता प्रोपगंडा, भाषांतरं काय, पत्रकं काय, नुसता धडाका. बेर्फेल्डला अटक झाली. राइखस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या समितीत व्हाइस चॅन्सलरने लिख्नोव्स्कीचं दिलगिरीचं पत्र वाचून दाखवलं. यागोने पेपरात उत्तर दिलं आणि त्या उत्तरात स्वतःच कबूल केलं की इंग्लंडनेच युद्धाचा कट रचला हे मत मला मान्य नाही! चार वर्षं सरकार लोकांना जे सांगत होतं त्याच्या बरोब्बर उलट. याचा फायदा लिख्नोव्स्कीला काही झाला नाही, जुलै १९१८ मध्ये प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहाने त्याची हकालपट्टी केली. चार महिन्यांत ते सभागृहही गेलं, कैसरही गेला.

युद्धानंतर जर्मनीत व्हर्सायच्या तहातल्या 'दोष तुमचाच' वाल्या कलमाने सगळे चवताळलेले, तिथे या माणसाला कोण विचारणार. शिक्षकापासून जनरलपर्यंत सगळ्यांच्या लेखी तो घरभेदी. कुखेल्ना तर नव्या चेकोस्लोव्हाकियात गेलं. १९२७ मध्ये त्याने आपले टेलिग्राम, पत्रं, लेख असं सगळं दोन खंडांत छापलं, आणि २७ फेब्रुवारी १९२८ ला वारला. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने जर्मनीच्या जबाबदारीचा प्रश्न पुन्हा उकरून काढला आणि देशभर वादळ उठलं, तेव्हा लिख्नोव्स्कीचे कागद लोक नव्याने वाचायला लागले. मेख्टिल्डने १९३७ मध्ये एका इंग्रजाशी लग्न केलं आणि १९५८ मध्ये ती लंडनमध्येच वारली.

वाचायचं असेल तर माझं मत, टिपणापेक्षा जुलै १९१४ चे मूळ टेलिग्राम वाचा. टिपणात तो दोन वर्षांनी रागाने बोलतोय, टेलिग्राममध्ये त्याला पुढे काय होणार हे माहीत नाहीये. बेर्फेल्डवर वेगळा पोस्ट लिहीन, नोव्हेंबर १९१८ च्या बर्लिनच्या क्रांतीतही तो पुढे होता, त्याची स्टोरी याच्याहून भन्नाट आहे.